जगदीशचंद्र बोस : धातूची स्मृती

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मसमाजी. मुलाला त्यांनी प्रथम इंग्रजी शाळेत न घालता बंगाली पाठशाळेत घातले. मातृभाषेचा हा संस्कार अखेरपर्यंत टिकला. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊ केल्यामुळे तीन वर्षे त्यांनी वेतन स्वीकारले नाही. अध्यापन मात्र सोडले नाही.

१८९४ नंतर त्यांनी अतिलघू विद्युत्-तरंगांवर प्रयोग आरंभिले. हे तरंग टिपणाऱ्या ‘कोहिअरर’ या उपकरणात धातूंच्या स्पर्शस्थानाचा विद्युत्-रोध तरंगाच्या आघाताने बदलतो. वारंवार आघात केल्यास हे उपकरण जणू थकते आणि विश्रांतीनंतर पुन्हा सतेज होते, असे बोस यांना आढळले. थकलेल्या स्नायूचा आलेखही तसाच. या साम्याने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांतील साधर्म्य मांडले. १९०१ मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कडवा विरोध केला; तेव्हा १९०२ मध्ये त्यांनी आपले प्रतिपादन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापिली; १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

बंगाली वाङ्मयातही त्यांचे स्थान आहे. १८९६ ची त्यांची वादळाची विज्ञानकथा ‘अव्यक्त’ (१९२१) या संग्रहात नव्या रूपात समाविष्ट झाली. बंगीय साहित्य परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये ‘मेमरिस्टर’, म्हणजे आपल्यातून गेलेल्या प्रवाहाची स्मृती राखणारा रोधक, गणिताने कल्पिला. चेतापेशींमधील संधिस्थानही वाहून गेलेल्या संदेशांनुसार दृढ वा शिथिल होते. म्हणून आज अशा रोधकांच्या मंडलांतून त्याची प्रतिकृती घडविली जाते. २०१३ मध्ये दिल्लीतील गौरव गांधी व वरुण अग्रवाल यांनी चुआ यांच्यासह असे दाखविले की, जुना कोहिअरर हा वस्तुतः मेमरिस्टरच होय.

एवढ्यावरून बोस यांना द्रष्टा ठरविणे हे मात्र त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. बोस यांचा शोध जीवनाच्या एकत्वाचा होता. आजच्या अभियंत्याला हवी आहे ती केवळ क्रियेची नक्कल. तौलनिक साहित्याचा अभ्यासक साम्य आणि प्रभाव यांत भेद करतो. तोच विवेक येथेही पाळावयास हवा. साम्य खरे आहे, वारसा सिद्ध झालेला नाही. ज्या साम्यासाठी बोस यांनी विद्वानांचा रोष पत्करला, ते निरर्थक नव्हते, इतके मात्र आज निःशंकपणे म्हणता येते.