किनुए हितोमी : हरल्यानंतर धावलेली शर्यत

मुलांनो, खेळाच्या तासाला शर्यतीत मागे पडलं की आपल्यातली काही जण मध्येच थांबतात. कुणाचा पाय दुखायला लागतो, कुणाच्या बुटाची नाडी सुटते! आज मी तुम्हांला अशा एका मुलीची गोष्ट सांगणार आहे, जी एक शर्यत हरली आणि दोनच दिवसांनी आयुष्यात कधीही न धावलेल्या शर्यतीसाठी मैदानात उतरली. तिचं नाव किनुए हितोमी.

जपान हा बेटांचा देश. या देशातल्या ओकायामा भागात, एका शेतकरी कुटुंबात १ जानेवारी १९०७ रोजी किनुएचा जन्म झाला. शाळेत ती टेनिस खेळायची. पुढे लांब उडी आणि धावणं यांत तिची चमक दिसू लागली. पण तो काळ वेगळा होता. मुलींनी उघड्या मैदानात, तोकड्या कपड्यांत धावणं लोकांना मुळीच आवडत नसे. किनुए उंच आणि ताकदवान होती. त्यामुळे ही मुलगी आहे की मुलगा, असं म्हणून लोक तिला हिणवायचे. तिने मात्र सराव सोडला नाही. तोक्योला जाऊन तिने शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. नंतर ओसाका शहरातल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात तिला नोकरी मिळाली. बातमीदारी आणि सराव, दोन्ही एकदम चालू!

१९२६ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे महिलांच्या जागतिक स्पर्धा झाल्या. जपानकडून गेलेली ती एकटीच खेळाडू होती. सैबेरियातून रेल्वेने कित्येक दिवसांचा प्रवास करून ती तिथे पोहोचली. लांब उडीत तिने ५.५० मीटर उडी मारून पहिला क्रमांक मिळवला. सर्वांत जास्त गुण मिळवणारी खेळाडूही तीच ठरली. तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती.

मग आलं १९२८ साल. ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच महिलांना मैदानी स्पर्धांत धावण्याची परवानगी मिळाली. जपानच्या संघात किनुए ही एकमेव महिला होती. तिची आवडती लांब उडी महिलांसाठी ठेवलेलीच नव्हती. म्हणून तिची सगळी भिस्त १०० मीटरवर होती. पण ३० जुलैला उपांत्य फेरीतच ती बाहेर पडली. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत कसं जायचं? ती रात्र तिने रडून काढली.

मग तिने संघाच्या प्रमुखांकडे ८०० मीटर धावू देण्याची विनंती केली. हे अंतर ती आजवर एकाही स्पर्धेत धावली नव्हती. १ ऑगस्टला तिने प्राथमिक फेरी पार केली. २ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली. सेकंदभरापेक्षाही कमी फरकाने किनुए दुसरी आली आणि रेषा ओलांडताच कोसळली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी महिला ठरली.

पण मुलांनो, गोष्ट इथे संपत नाही. त्या शर्यतीत काही धावपटू दमून खाली बसल्या. दमल्यावर पुरुषही बसतातच की! पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून बातम्या छापल्या. खरं तर अंतिम फेरीतल्या सगळ्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. तरीही एवढं अंतर बायकांना झेपत नाही असं ठरवून ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. ती परत आली थेट १९६० मध्ये. म्हणजे तब्बल ३२ वर्षं मुलींसाठी हे दार बंद राहिलं.

किनुए मात्र दार उघडायचा प्रयत्न करत राहिली. १९३० मध्ये प्राग येथील महिलांच्या स्पर्धेला ती एकटी गेली नाही, तर जपानच्या आणखी पाच मुलींना सोबत घेऊन गेली. त्यांच्या खर्चासाठी शाळाशाळांतून वर्गणी गोळा झाली होती. परत आल्यावर आभार मानायला ती गावोगाव फिरली, भाषणं दिली, शिवाय नोकरी होतीच. विश्रांती अशी मिळालीच नाही. १९३१ मध्ये तिला फुप्फुसाचा आजार झाला आणि २ ऑगस्ट १९३१ रोजी, त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली त्याच तारखेला, तिचं निधन झालं. वय होतं फक्त २४ वर्षं.

पुढे १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये युको आरिमोरी हिने मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक जिंकलं. धावण्याच्या शर्यतीत जपानी महिलेला पदक मिळालं ते ६४ वर्षांनी! तीसुद्धा ओकायामाचीच. ती जिंकली तेव्हा जपानमध्ये तारीख लागली होती, २ ऑगस्ट.

किनुएला पहिला क्रमांक मिळाला नाही, तरी जग तिला विसरलं नाही. पुढच्या वेळी शर्यतीत मागे पडलात तर मध्येच थांबू नका. रेषेपर्यंत पोहोचा, मग खुशाल बसा. आणि वर्गातली एखादी मुलगी जोरात धावत असेल, तर तिला चिडवू नका, टाळ्या वाजवा.