बालकांच्या पोटविकाराचे मूळ शोधणारे डॉ. विलेम डिके

गव्हासारखे पौष्टिक धान्यही काही बालकांच्या आतड्यांना गंभीर इजा पोहोचवू शकते, ही बाब आज वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. ती सप्रमाण सिद्ध करण्याचे श्रेय प्रामुख्याने नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम कारेल डिके यांच्याकडे जाते. सिलिअ‍ॅक या विकाराने ग्रासलेल्या असंख्य मुलांना त्यांच्या संशोधनाने जीवनदान दिले.

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये डॉर्ड्रेख्ट येथे झाला. लायडन येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयात बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या तिशीत, त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली.

त्या काळी सिलिअ‍ॅक विकाराचे कारण अज्ञात होते. सतत जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय आणि खुंटलेली वाढ अशा अवस्थेत मुले महिनोन्‌महिने रुग्णालयात राहत. त्यातील अनेक दगावत. लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते आणि त्यावर उपाय असलाच तर तो आहारातच सापडेल, असे मत मांडले होते. मात्र नेमका कोणता पदार्थ अपायकारक, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी स्निग्ध पदार्थांना दोष देई, कोणी पिष्टमय पदार्थांना. अमेरिकेत १९२४ पासून केळ्यांवर भर देणारा आहार लोकप्रिय झाला. त्याने मुले सुधारत. परंतु त्या आहारात पाव वर्ज्य होता, हेच सुधारणेचे खरे कारण असावे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

डिके यांच्या विचारांना दिशा मिळाली ती एका मातेच्या निरीक्षणातून, असे सांगितले जाते. पाव बंद केला की आपल्या मुलाचा त्रास कमी होतो, हे तिने त्यांच्या कानावर घातले. डिके यांनी ती गोष्ट दुर्लक्षित केली नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यापासूनच त्यांनी गहूविरहित आहाराचे प्रयोग सुरू केले आणि १९४१ मध्ये त्यासंबंधीचा लेख डच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यानंतर नेदरलँड्सवर महाभयंकर संकट ओढवले. जर्मन अंमलाखालील पश्चिम भागात १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नाचा पुरवठा तुटला. वीस हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या उपासमारीतही सिलिअ‍ॅकग्रस्त मुलांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. गव्हाचा पाव पुन्हा उपलब्ध होताच त्यांचा आजार बळावला. दुष्काळातूनच हा शोध लागला, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः डिके यांचा संशय त्यापूर्वीचाच होता. दुष्काळाने तो अधिक दृढ केला.

तथापि संशय म्हणजे सिद्धता नव्हे, याची त्यांना जाणीव होती. युद्धानंतर त्यांनी उट्रेख्ट येथील बालरोगतज्ज्ञ वायर्स आणि जीवरसायनशास्त्रज्ञ व्हान डे कामर यांच्यासमवेत काटेकोर चाचण्या केल्या. मुलांच्या आहारात गहू देऊन व काढून, शौचावाटे बाहेर पडणाऱ्या चरबीचे प्रमाण मोजण्यात आले. गहू व राय ही धान्ये दिल्यावर ते वाढत असे. तांदूळ, मका आणि बटाटे निर्धोक ठरले. १९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले. पुढे दोष गव्हातील पिष्टाचा नसून कणकेला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेन या प्रथिनाचा असल्याचे स्पष्ट झाले. १९५२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनीही त्याला पुष्टी दिली.

या विकारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्यातील रसांकुरांवरच आघात करते, हे आता ज्ञात आहे. त्यामुळे अन्नरस शोषला जात नाही. रक्तक्षय होतो आणि उंची खुंटते. काही रुग्णांत यकृतातील विकरांचे प्रमाणही वाढते व पथ्य पाळल्यावर बहुधा पूर्ववत होते.

१९५७ मध्ये डिके उट्रेख्ट विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालक झाले. मात्र त्यांना फार काळ लाभला नाही. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. डच जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावे सुवर्णपदक सुरू करून त्यांच्या कार्याचा गौरव केला.

भारतात पंजाब, हरियाणा, दिल्ली अशा गहू हे मुख्य अन्न असलेल्या प्रदेशांत हा विकार अधिक आढळतो. त्यावर आजही आजन्म ग्लुटेनमुक्त आहार हाच प्रमुख उपचार आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांची परंपरा असलेल्या मराठी घरांना हे पथ्य तुलनेने सुलभ आहे. मात्र गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर दळलेले पीठ, रवा, मैदा, शेवया आणि गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग यांबाबत दक्षता आवश्यक ठरते. तपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास रक्तचाचणीतून निदान चुकण्याची शक्यता असते; म्हणून मुलाच्या आहारातील असा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करणे हितावह आहे.