गोळेश्वरचा पाय

तालमीत नवे पोर आले की जुने वस्ताद त्याला आधी डाव शिकवत नसत, उभे राहायला शिकवत. ऐकून हसू येईल. चालत्या-बोलत्या पोराला उभे राहायचे ते काय शिकवायचे? पण शिकवावे लागते. एक पाय जरा पुढे, गुडघे किंचित मोडलेले, कंबर खाली आणि नजर समोरच्याच्या छातीवर. वजन टाचांवर गेले की एका धक्क्यात माणूस मागे जातो. चवड्यांवर फार आले की मानेला हात घालून कोणीही पुढे ओढतो. या दोन्हींच्या मधली जागा पोराला सापडेपर्यंत वस्ताद त्याला ढकलत राहतात, ओढत राहतात, आणि पोर मातीत लोळत राहते. या उभे राहण्याला पवित्रा म्हणतात. बाकी सगळी कुस्ती त्याच्यानंतरची.

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे या उभे राहण्याचे पक्के होते. त्यांच्यावर जे लिहिले जाते त्यात कांस्यपदक, मिरवणूक आणि उपेक्षा एवढेच बहुधा येते. पण उंचीने आणि वजनाने लहान असलेला हा गडी मोठमोठ्यांसमोर पायावर टिकला कसा, याकडे जरा लक्ष द्यायला हवे.

जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडला लागूनच. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. अशा घरात कुस्ती शिकवावी लागत नाही. भावंडांच्या मारामारीतच अर्धी शिकून होते. शाळा कराडचे टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटला होता, आणि विद्यार्थी असलेल्या खाशाबांनी भूमिगतांना आसरा देण्याच्या कामात भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि तिथे त्यांची कुस्ती खऱ्या अर्थाने घडली.

कोल्हापूर म्हणजे त्या काळी कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, पेठापेठांतून तालमी उभ्या केल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले. कोल्हापुरात नावाजलेले मल्ल म्हणजे धिप्पाड देहाचे, आणि हा मुलगा जेमतेम साडेपाच फुटांचा, वजनाने हलका. ताकदीला ताकद लावून त्याचे भागणार नव्हते. समोरच्याचा तोल कुठे आहे हे ओळखायचे, आपला सोडायचा नाही, आणि त्याचा ढळला त्या क्षणी आत शिरायचे, ही त्यांची रीत झाली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याच्या मानेला बगलेत आवळून, आपली कंबर त्याच्या पोटाखाली नेऊन त्याला डोक्यावरून आणायचे. या डावात उंची आडवी येते आणि ठेंगणेपणा उपयोगी पडतो, कारण ज्याची कंबर खाली त्याला समोरचा उचलता येतो. मात्र घेणाऱ्याचा स्वतःचा पाय तसूभर सरकला तर तोच खाली जातो.

फुटबॉल पाहणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात ठाऊक आहे. १९८६ च्या विश्वचषकात आपल्याकडे घरोघरी दूरदर्शनसमोर बसून ज्यांनी मॅराडोनाला पाहिले, त्यांना आठवत असेल की उंचेपुरे बचावपटू त्याच्या अंगावर आदळत आणि तेच कोलमडत. हा चेंडू घेऊन पुढे निघून जाई. त्याचीही उंची साडेपाच फुटांच्या आसपासच. मांड्या भरदार, पावले आखूड, आणि धक्का येण्याआधीच अंग त्या दिशेला कललेले. धक्का बसल्यावर सावरायला गेलेला खेळाडू पडतो आणि आधीच कललेला टिकतो. कुस्तीत याला वेगळे नाव नाही, पण प्रत्येक वस्ताद हेच सांगतो.

आता मातीची गोष्ट सांगायला हवी. आपल्या मराठवाड्यात गावच्या यात्रेला हलगीच्या तालावर ज्या कुस्त्या लागतात, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या जोडीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत, त्या सगळ्या मातीवरच्या. तालमीतल्या हौद्यातली माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते. अनवाणी पायाची बोटे तिच्यात रुततात, पायाला जमीन धरता येते. शिवाय मातीत निकाल एकच: पाठ लागली की हरला. गुडघा टेकला, पोटावर पडला, चारी पायांवर आला, तरी पाठ लागेपर्यंत कुस्ती चालूच. मॅटवर सगळे उलटे. पायात बूट, खाली गादी, पाय रुतायला जागा नाही. ठरावीक वेळात कोणी चीतपट झाला नाही तर पंच कौल देणार, आणि तो देताना कोण किती वेळा खाली गेला हे बघणार. मातीत ज्याला पडणे म्हणत नाहीत, ते मॅटवर पडणे ठरते. बावीस वर्षांच्या पैलवानाला लहानपणापासून अंगवळणी पडलेले सगळे मोडून नव्याने उभे राहायला शिकायचे होते.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते निघाले ते कोल्हापूर दरबारच्या खर्चाने. तिथे अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटचे चार धडे दिले. एवढ्याशा तयारीवर फ्लायवेट गटात खाशाबांनी सहावा क्रमांक काढला. पदक नव्हते, म्हणून इकडे फारशी दखल कोणी घेतली नाही. खाशाबांनी मात्र परत येऊन व्यायाम दुपटीने वाढवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत पहिला धक्का घरचाच बसला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना हरवले गेले. पक्षपात झाला असे खाशाबांचे म्हणणे होते आणि ते गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली, आणि या वेळी खाशाबांनी पंचांसाठी काही शिल्लकच ठेवले नाही; प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली.

मग पैशांचा प्रश्न. निवड झाली तरी खर्च ज्याचा त्याने करायचा. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, खाशाबा स्वतः दारोदार फिरले, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आजच्या कॉलेजांच्या फीच्या पावत्या बघून यावर विश्वास बसायचा नाही, पण हे घडले आहे.

हेलसिंकीत ते बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडाचा पोलिक्विन आणि मेक्सिकोचा बसुर्तो या दोघांना त्यांनी चीतपट केले. जर्मनीच्या श्मिट्झशी कुस्ती वेळेअखेर पंचांकडे गेली आणि दोन विरुद्ध एक अशा कौलाने खाशाबा जिंकले. हा विजय मला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो मातीचा नव्हता. चार वर्षांपूर्वी ज्याला मॅट परका होता, तो पूर्ण वेळ मॅटवर टिकून पंचांना पटवू शकला होता.

पुढे उरले जपानचा इशी आणि सोव्हिएत रशियाचा ममेदबेकोव्ह. एक लांबलचक कुस्ती संपवून खाशाबा धापा टाकत असतानाच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबांना त्या परक्या भाषेच्या गर्दीत एकट्याने काय सांगता येणार? ते उतरले. थकलेल्या माणसाचे हात उशिरा थकतात, पाय आधी. पाय गेले की पवित्रा गेला. या दोघांकडूनही ते हरले. सुवर्ण इशीला, रौप्य ममेदबेकोव्हला आणि कांस्य खाशाबांना. याच स्पर्धेत त्यांच्यासोबत गेलेले केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. त्यांची आठवण तर कोणी काढतही नाही.

तारीख होती २३ जुलै १९५२. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, कराड मुंबई राज्यात. संयुक्त महाराष्ट्र अजून व्हायचा होता. हेलसिंकीत हॉकीच्या संघाने सुवर्ण जिंकले आणि दिल्ली-मुंबईचा जल्लोष त्याच्या वाट्याला गेला. खाशाबांचे स्वागत गाववाल्यांनी केले, तेही असे की अजून सांगितले जाते: १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्यांचे फड भरवण्याचे. त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पोलिसांना कुस्ती शिकवली. पण बढती यायला वर्षांमागून वर्षे गेली. २७ वर्षांच्या नोकरीच्या अगदी शेवटी सहायक पोलीस आयुक्तपद मिळाले आणि लगेच निवृत्ती. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले. क्रीडा संघटनांना त्यांची आठवण १९८२ च्या दिल्ली आशियाडच्या मशालीपुरती झाली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, वय ५८.

मानसन्मान आले ते नंतर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, अर्जुन पुरस्कार २००० चा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचे नाव दिले गेले. जिवंत माणसाला निवृत्तिवेतन वेळेवर देणे याहून स्वस्तात पडले असते. गोळेश्वरला त्यांच्या नावाचे कुस्ती संकुल जाहीर झाले आणि रेंगाळले. इतके, की २०१७ मध्ये कुटुंबीयांना ते कांस्यपदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली.

देशाला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. महाराष्ट्राला तर ७२ वर्षे थांबावे लागले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकले. या प्रकारात आधी गुडघे टेकून, मग पालथे पडून आणि शेवटी उभ्याने नेम धरायचा असतो. पहिल्या दोन स्थितींत स्वप्नील मागे होता. उभा राहिल्यावर तो तिसऱ्या क्रमांकावर आला.