आचार्य प्रफुल्लचंद्र राय

रसायनशास्त्र हा केवळ सूत्रे पाठ करण्याचा विषय नव्हे. तो हातांनी आणि डोळ्यांनी शिकावयाचा विषय आहे. ही जाणीव भारतीय विद्यार्थ्यांत रुजवणाऱ्यांमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव अग्रभागी आहे.

२ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली या गावी त्यांचा जन्म झाला. शालेय वयातच आमांशाच्या विकाराने त्यांचे शिक्षण खंडित झाले. सुमारे दोन वर्षे त्यांना घरी राहावे लागले. परंतु वडिलांच्या ग्रंथसंग्रहामुळे वाचन अखंड चालू राहिले.

पुढे कोलकात्याच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये एफ.ए.चा, म्हणजे आजच्या उच्च माध्यमिक स्तराचा, अभ्यास करीत असताना ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊ लागले. प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवीत. केवळ पाहण्याने प्रफुल्लचंद्रांचे समाधान होईना. त्यांनी एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी छोटी प्रयोगशाळा मांडली. एकदा पत्र्याच्या उपकरणाचा स्फोट झाला. सुदैवानेच ते बचावले. तरीही त्यांची प्रयोगांची ओढ ओसरली नाही.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये ते ब्रिटनला गेले आणि १८८७ मध्ये एडिंबरो विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले. मायदेशी परतल्यावर मात्र एवढ्या विद्वानाला सुमारे वर्षभर नोकरीविना राहावे लागले. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांची कनिष्ठ जागा मिळाली. वरिष्ठ श्रेणी बहुतांशी इंग्रजांसाठीच राखलेली होती. हा अन्याय त्यांना बोचला. पण त्याचे उत्तर त्यांनी कार्यातून दिले. १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. तरुणांना स्वावलंबनाचा मार्ग दिसावा, म्हणून स्वतःच्या तुटपुंज्या बचतीतून उभारलेल्या औषधनिर्मितीच्या उद्योगातून १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल ही कंपनी आकारास आली.

अध्यापन हा त्यांचा खरा आनंद होता. नवागतांचे वर्ग ते आवडीने घेत. जाळलेल्या हाडाची राख हे निव्वळ रासायनिक संयुग आहे, हे पटवण्यासाठी ते तिची चिमूट वर्गासमोर तोंडात टाकीत. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष हे त्यांचेच विद्यार्थी.

ते आजन्म अविवाहित राहिले. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपले वेतन कलकत्ता विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला अर्पण केले. १६ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्ञान मिळवावे ते वाटण्यासाठी, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.