शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराज आणि पुत्र हरिपंडित



फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. उपनगरांतून कितीतरी मंडळी त्या दिवसासाठी पैठणास जातात. ज्यांना रजा मिळत नाही ते जवळच्या देवळात कीर्तनास बसतात. त्यांच्याकरिता नाथमहाराजांचे हे अल्पचरित्र देत आहोत. काशीहून आणलेले गंगोदक तहानलेल्या गाढवास पाजल्याची कथा सर्वांना मुखोद्गत आहेच. येथे थोडे सविस्तर सांगावयाचे आहे ते त्यांच्या स्वतःच्या घरातील कलहाविषयी. त्यास कारण असे की, वडिलांच्या एकाच पुण्यतिथीस सख्खे भाऊ एक सकाळी, एक सायंकाळी येऊन वेगवेगळ्या अभिषेकाच्या पावत्या करतात, हे कार्यालयात बसून आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पावतीवर वडिलांचे नाव तेच असते.

नाथांचा जन्म सुमारे १५३३ साली गोदातीरी पैठण येथे झाला. विजयनगरास गेलेली श्रीविठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून ज्यांची ख्याती आहे, ते संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी यांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्यांना वाढविले. अशा या एकुलत्या आधाराने एके रात्री कोणास न सांगता घर सोडले आणि देवगिरी गाठून श्रीजनार्दनस्वामींचे पाय धरले. आजी-आजोबांनी किती शोध केला असेल, याची कल्पनाच करावी. पुढे स्वामींनीच आजोबांच्या हाती आज्ञापत्र दिले. तीर्थयात्रेहून परतलेल्या नाथांना पैठणात ते दाखविताच ते तेथेच थांबले, गिरिजाबाईंशी विवाह करून गृहस्थ झाले. घर सोडून जाणाऱ्या मुलाचे मन काय असते आणि मागे राहिलेल्या वृद्धांचे काय होते, हे नाथांना ठाऊक होते. पुढील प्रसंगात त्यांच्या मुखातून कठोर शब्द निघाला नाही, त्याचे मूळ मला येथे दिसते.

नाथांच्या वाड्यात पुराण मराठीत सांगितले जाई आणि अठरापगड लोक ऐकावयास बसत. पुत्र हरिपंडित मात्र शास्त्री झाले. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात सांगणे त्यांना मान्य नव्हते आणि वडिलांनी कोणाच्याही घरी जेवणे तर मुळीच रुचत नव्हते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पैठण ही विद्वानांची नगरी. तेथील पंडितसभेत बसणाऱ्या तरुणास पित्याच्या वागण्याची उत्तरे द्यावी लागत असतील. अखेर हरिपंडित घर सोडून काशीस निघून गेले. विशेष हे की, नाथांचे एकादश स्कंधावरील मराठी भागवत शके १४९५, म्हणजे १५७३ साली पूर्ण झाले ते याच काशीत.

वृद्ध पिता मुलास आणावयास इतक्या दूर गेला. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या : प्राकृतात प्रवचन करावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. ज्या भाषेसाठी आयुष्य वेचले ती पुराणाच्या आसनावर मुकी ठेवण्यास नाथ राजी झाले. हा करार त्यांना महाग पडला, यात शंका नाही. पैठणास परतल्यावर हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले, नाथ श्रोत्यांत बसू लागले. हळूहळू लोक येईनासे झाले. मुलगा घरात होता, पण अंगण ओस पडले. नाथांनी तक्रार केल्याचे चरित्रकार कोठेही सांगत नाहीत.

पुढील कथा महिपतीबुवांनी अठराव्या शतकात भक्तलीलामृतात गायिली आहे. एका स्त्रीने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. पती निवर्तल्यावर दारिद्र्य आले आणि संकल्प अपुरा राहिला. एका नाथांना जेवू घातले तरी तो पूर्ण होईल, असे तिला कोणी सुचविले. ती वाड्यावर आली. नाथांनी दिलेला शब्द मोडला नाही. हरिपंडितांना विचारावे, असे तिला सांगितले. म्हातारीची अवस्था पाहून हरिपंडितही द्रवले आणि स्वयंपाक आपण स्वतः करू, या अटीवर त्यांनी होकार दिला. ही त्यांची पहिली माघार, आणि ती चमत्काराच्या आधीची आहे; कथा सांगताना बहुतेक जण ही गोष्ट विसरतात. जेवण झाल्यावर नाथांनी पुत्रास पत्रावळ उचलण्यास सांगितले. एक उचलली तो खाली दुसरी, ती उचलली तो तिसरी. मोजता मोजता सहस्र भरल्या. हरिपंडितांनी पित्याचे चरण धरले, दोन्ही अटी मागे घेतल्या आणि वाड्यात मराठी पुराण पुन्हा सुरू झाले.

नाथांनी अखेरच्या काळात भावार्थ रामायण रचावयास घेतले. ते युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत झाले आणि पुढील भाग शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. रामायण हीही मुळात घरच्या कलहाचीच कथा आहे. कैकेयीने राज्य मागून घेतले ते भरतासाठी, आणि भरत ते परत करण्यासाठी चित्रकूटास गेला. राम पित्याच्या वचनाने बांधलेले, म्हणून परतले नाहीत. दोघांपैकी कोणी आपले म्हणणे सोडले नाही, तरी कोणी कोणाचा अव्हेरही केला नाही. भरताने पादुका मस्तकी घेतल्या, त्या सिंहासनावर स्थापिल्या आणि चौदा वर्षे नंदिग्रामी राहून राज्य सांभाळले.

शके १५२१च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. पैठणास त्यांचा वाडा व नदीकाठी समाधिमंदिर आहे. छत्रपती संभाजीनगराहून हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर आहे. षष्ठीस गर्दी फार असते, वृद्धांना बरोबर नेणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामास पोहोचावे. नाथांच्या कन्येचा मुलगा मुक्तेश्वर याने पुढे महाभारत मराठीत आणले. आणि ज्या हरिपंडितांनी प्राकृताशी वैर धरले होते, त्यांनी पित्याच्या पश्चात नाथांच्या पादुका आषाढीस पंढरपुरी नेण्याचा परिपाठ घातला. ती पालखी आजही दरवर्षी पैठणहून निघते.