टी. नगरचे त्यागराय

चेन्नईतील टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. १९२० च्या दशकात वसलेल्या या वस्तीला सर पिट्टी त्यागराय चेट्टी (१८५२-१९२५) यांचे नाव देण्यात आले. त्यागराय विणकर समाजातले, हिंदू धर्माचे निष्ठेने आचरण करणारे. पेहराव पांढराशुभ्र व देशी. पाहणाऱ्याने जुन्या मताचे ठरवून मोकळे व्हावे, असेच हे गृहस्थ. परंतु आपल्या हातमागांवर त्यांनी धावता धोटा आणला. १९१६ साली ब्राह्मणेतरांच्या हक्कांसाठी जस्टिस पक्ष स्थापणाऱ्यांत ते अग्रणी होते. १९२० साली चालून आलेले मुख्यमंत्रिपद त्यांनी नाकारले. त्याच वर्षी, ते अध्यक्ष असताना, मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत गरीब मुलांना दुपारचे अन्न देण्याचे ठरविले. पुढे ते काम खंडित झाले. मात्र १९९५ साली माध्यान्ह भोजनाची योजना देशभर सुरू झाली.

आपल्या मंडळ्यांतही जुनी गीते व जुनी राहणी न सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण सहज मागासलेले म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी त्यांच्या हातून कोणाची भूक भागली, हे विचारावे. बाह्यरूपावरून पारख करताना इशायाच्या घरी शमुवेलही चुकला होता.