विषाचा माग काढणारे ऑर्फिला

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सोमल उंदीर मारण्यासाठी सहज विकत मिळत असे. पांढरी भुकटी, वास नाही, चवही जवळजवळ नाही. ती पोटात गेलेला माणूस उलट्या-जुलाबांनी मेला, की डॉक्टरला साधा पोटाचा आजार वाटे. खून झाला आहे हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? माथ्यू ऑर्फिला यांनी सारे आयुष्य या प्रश्नाला दिले.

त्यांचा जन्म १७८७ साली स्पेनच्या मिनॉर्का बेटावर झाला. वडील व्यापारी होते, पण मुलगा वैद्यकाकडे वळला. बार्सिलोनाच्या व्यापारी मंडळाने शिष्यवृत्ती देऊन त्यांना रसायनशास्त्र शिकायला पॅरिसला पाठवले. थोड्याच दिवसांत नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या आणि शिष्यवृत्ती बंद झाली. ऑर्फिला शत्रूच्याच राजधानीत अडकले! तरीही १८११ मध्ये ते डॉक्टर झाले आणि खासगी वर्ग घेऊन पोट भरू लागले.

अशाच एका वर्गात त्यांनी कॉफीत सोमल मिसळून विद्यार्थ्यांना परीक्षा करून दाखवली. पुस्तकाप्रमाणे ठरावीक रंगाचा साका पडायला हवा होता. पडला भलत्याच रंगाचा. शुद्ध पाण्यात बरोबर येणाऱ्या परीक्षा कॉफीत, रश्शात किंवा पोटातल्या अन्नात फसतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी कुत्र्यांवर असंख्य प्रयोग केले (हा भाग वाचताना वाईट वाटते) आणि विष पोटात थांबत नाही, रक्तातून यकृतापर्यंत व इतर अवयवांपर्यंत पोहोचते, हे दाखवले. १८१४ पासून त्यांचा विषांवरचा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. पुढे ते पॅरिसमध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक झाले.

१८३६ मध्ये वूलिच येथील ब्रिटिश शस्त्रागारात काम करणारे रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी नवी परीक्षा जाहीर केली. नमुन्यात जस्त आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि निघणारा वायू काचेच्या नळीत तापवायचा. सोमल असेल तर नळीत काळा, चकाकणारा थर जमतो. परीक्षा इतकी नाजूक, की जस्तातच सोमलाचा अंश असला तरी थर दिसतो. म्हणजे निरपराध माणूसही फासावर जाऊ शकतो.

१८४० मध्ये फ्रान्समधील त्यूल गावी मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर नवऱ्याला सोमल घातल्याचा खटला चालला. स्थानिक रसायनतज्ज्ञांना मार्शच्या परीक्षेत मृतदेहात काहीच सापडले नाही. ती आता सुटणार असे वाटत असताना ऑर्फिलांना पॅरिसहून बोलावण्यात आले. त्यांनी त्याच तज्ज्ञांसमोर प्रयोग केले आणि सोमल दाखवला. मला विशेष वाटते ते हे, की त्यांनी दफनभूमीची माती तपासली आणि वापरलेली रसायनेही. सोमल तिथून आलेला नाही, हे सांगूनच त्यांनी साक्ष दिली. मारीला जन्मठेप झाली.

वाद मात्र संपला नाही. बचावाच्या बाजूने बोलावलेले रास्पाय निकाल लागल्यावर पोहोचले आणि पुढे ऑर्फिलांवर टीका करत राहिले. निरोगी माणसाच्या हाडांतही थोडा सोमल असतो, असे ऑर्फिलांनी पूर्वी जाहीर केले होते. ते म्हणणे त्यांना नंतर मागे घ्यावे लागले. मारी शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत होती. १८५२ मध्ये आजारी अवस्थेत तिची सुटका झाली आणि त्याच वर्षी ती वारली. पुढच्या मार्चमध्ये ऑर्फिला पॅरिसमध्ये निधन पावले.